गडद निळसर-करडा रंग (घरातील रंगकाम)

घराच्या आतल्या भिंतींना निळा व करडा यांच्यामधली काळपट छटा देण्याची पद्धत. आभाळ भरून आल्यावर ढगांना येतो तसा हा रंग. पांढऱ्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइड, काळ्यासाठी कार्बन ब्लॅक आणि एखादे निळे रंगद्रव्य यांच्या मिश्रणातून तो बनतो. गडद छटेच्या बेसमध्ये (ज्यात रंगद्रव्ये मिसळतात त्या मूळ रंगात) टायटॅनियम डायऑक्साइड कमी असल्याने खालची पुट्टी लवकर झाकली जात नाही. आधी करडा प्रायमर मारला तर बहुधा दोन हातांत काम भागते.

मराठवाड्याला गडद खोली नवी नाही. माळवदाच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या घरांत जाड भिंती, लहान खिडक्या आणि छतातला झरोका एवढाच उजेड असे. दसरा-दिवाळीला चुन्यात नीळ कालवून भिंती रंगवत. ही नीळ म्हणजे अल्ट्रामरीन हे निळे रंगद्रव्य. ते चुन्यात टिकते, प्रशियन ब्लू हे दुसरे निळे रंगद्रव्य मात्र चुन्याच्या क्षारीपणाने विटते. निळ्याचा त्याहून जुना आणि देखणा वापर अजिंठ्यात आहे : काळ्या बेसाल्टात कोरलेल्या अंधाऱ्या लेण्यांत पाचव्या शतकातील चित्रकारांनी लाजवर्द हा निळा खडा वाटून वापरला. १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिव पट्ट्यात दगडमातीच्या अनेक घरांच्या जागी सिमेंटची घरे उभी राहिली. इमल्शनचे (पाण्यात मिसळणाऱ्या तयार रंगाचे) गडद रंग अशाच गुळगुळीत भिंतींवर खुलतात.

या रंगाने घर तापते, हा समज बरोबर नाही. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो तेव्हा उष्णता मुख्यतः स्लॅबमधून आणि उन्हातल्या बाहेरच्या भिंतींतून आत येते. आतल्या, ऊन न पडणाऱ्या भिंतीच्या छटेने त्यात फारसा फरक पडत नाही. उलट रखरखीत उन्हातून आल्यावर अशा खोलीत डोळे निवतात, आणि या प्रदेशात हा गुण मोठा मानायला हवा. अडचण आहे ती उजेडाची. पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या प्रकाशातला बहुतांश परत पाठवते, ही छटा जेमतेम दहावा भाग. म्हणून छत पांढरे ठेवावे, दिवे पिवळसर आणि एकाहून अधिक जागी असावेत. शेड कार्डाच्या चिटोऱ्यावर विसंबू नये. दोन फूट लांब-रुंद पट्टा भिंतीवरच मारून सकाळी, दुपारी व दिवेलागणीला पाहावा. अंधुक उजेडात डोळ्याला लाल काळपट दिसतो आणि निळा तुलनेने उजळतो, त्यामुळे एकच भिंत संध्याकाळी निराळी भासते.

खरा शत्रू ओल. बांधकामाला व क्युरिंगला (सिमेंट घट्ट होईपर्यंत ओले ठेवायला) बोअरचे क्षारयुक्त पाणी वापरलेले असले की भिंतीतले क्षार ओलीबरोबर वर येतात. पांढऱ्या भिंतीवर ते खपून जातात, या रंगावर मात्र भुरकट पांढरे नकाशे उमटतात आणि पुढे पोपडे सुटतात. गळती थांबवून भिंत पूर्ण वाळल्याशिवाय रंग देऊ नये, मग दिवाळी तोंडावर असली तरी. पुट्टीतले उंचसखलही गडद रंग लपवत नाही, विशेषतः चकाकी असेल तर. जाणता रंगारी भिंतीलगत पेटता बल्ब धरून सावल्या बघतो, खूण करतो आणि तेवढाच भाग पुन्हा घासतो. फिनिश मॅट घ्यावे. त्यावर धूळ व हाताचे डाग उठून दिसतात, म्हणून स्वयंपाकघर आणि लहान मुलांचा वावर असलेली भिंत टाळलेली बरी. डागापुरता रंग लावल्यास ठिगळ दिसते. तेव्हा एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत अखंड भिंतच रंगवावी लागते.