वरून पाहिलेल्या मुली : हॉलिवूडच्या संगीतपटांची पार्श्वभूमी

१९२७ मध्ये हॉलिवूडचा पडदा बोलू लागला आणि लगेच गाण्यांच्या चित्रपटांचा इतका पूर आला की १९३० नंतर प्रेक्षकच त्यांना विटले. १९३३ मध्ये वॉर्नर ब्रदर्सने हा प्रकार पुन्हा उभा केला तो बस्बी बर्कली या नृत्यदिग्दर्शकाच्या जोरावर. पहिल्या महायुद्धात लष्करात असताना बर्कली सैनिकांच्या कवायती बसवत असे. तीच शिस्त त्याने स्टुडिओत आणली. कॅमेरा एकच, पण थेट छताशी चढवलेला. खाली डझनावारी मुली. वरून त्यांची फुले होतात, चक्रे होतात. माणूस दिसत नाही, नक्षी दिसते.

बाईची अशी शोभेची वस्तू केली, हा स्त्रीवादी समीक्षेचा आक्षेप मला पटतो. तरीही बर्कलीनेच नृत्ये बसवलेल्या 'गोल्ड डिगर्स ऑफ १९३३'ची सुरुवात पाहावी. नाण्यांचे पोशाख घालून जिंजर रॉजर्स आणि इतर मुली आता पैसाच पैसा असल्याचे गाणे गातात. ऐन महामंदीत! तालीम रंगात असताना शेरीफची माणसे घुसतात. निर्मात्याने देणी थकवलेली, म्हणून सामान जप्त होते, मुलींच्या अंगावरच्या पोशाखांनाही हात घातला जातो. इथे नाचणारी मुलगी म्हणजे पगारासाठी झगडणारी कामगार आहे, हे चित्रपट लपवत नाही. शेवटचे गाणे युद्धावरून परतलेल्या बेकार सैनिकांचे, आणि ते गातात बायका. त्यांतली एक, खिडकीत बसलेली, कृष्णवर्णीय गायिका एटा मोटेन.

जुलै १९३४ पासून चित्रपट उद्योगानेच नेमलेल्या जोसेफ ब्रीनच्या कार्यालयाने सेन्सॉरची संहिता कडकपणे राबवली आणि हा मोकळेपणा आटला.

१९५३ च्या 'जंटलमेन प्रिफर ब्लॉन्ड्स'मध्ये नृत्यदिग्दर्शक जॅक कोलने बाजू उलटवली. जेन रसेल गाते आणि भोवती व्यायाम करणाऱ्या पुरुषांची नक्षी. त्यांचे तिच्याकडे लक्षही नाही. बाई पडद्यावर पाहिली जाण्यासाठीच असते, हे स्त्रीवादी चित्रपट-समीक्षक लॉरा मल्व्ही यांनी १९७५ मध्ये सिद्धांतरूपाने मांडले, त्याच्या बावीस वर्षे आधीचे हे गाणे.

पण काही जणींना नक्षीतही जागा नव्हती. चाळीसच्या दशकात एमजीएम स्टुडिओमध्ये कृष्णवर्णीय गायिका लीना हॉर्नची गाणी बहुधा कथेपासून सुटी चित्रित होत, म्हणजे अमेरिकेच्या वर्णभेदी दक्षिणेकडच्या थिएटरवाल्यांना ती कापून टाकता येत.