पिकाल्म : डासाच्या अंडपेशीपासून ल्युकेमियापर्यंत

ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या, रिपोर्टात क्वचित '१० आणि ११ या गुणसूत्रांची अदलाबदल' अशी ओळ सापडते. बांबोळीला गोमेकॉत किंवा मुंबईला टाटात खेपा घालणाऱ्या गोव्यातल्या घरांना ती वाचून काहीच बोध होत नाही. त्या ओळीमागे पिकाल्म नावाचं प्रथिन आहे, आणि त्याची गोष्ट सुरू होते डासापासून. डासही आपल्या ओळखीचा : डेंग्यूचा एडिस इजिप्ती, ज्याच्यापायी पावसाळ्यात आरोग्य खात्याची माणसं कुंड्या नि टायर तपासत फिरतात.

१९६४ साली रॉथ आणि पोर्टर यांनी या डासाच्या अंडपेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. पेशीच्या पडद्यावर जागोजागी खळगे, खळग्यांना आतून केसाळ लेप. खळगा आत ओढला जाऊन त्याची पिशवी होते आणि बलकाचं प्रथिन पेशीत शिरतं. हा लेप म्हणजे क्लॅथ्रिन, हे सत्तरच्या दशकात केंब्रिजच्या बार्बरा पिअर्स यांनी दाखवलं. क्लॅथ्रिन स्वतःहून पडद्याला चिकटत नाही, त्याला मध्यस्थ म्हणजे अडॅप्टर लागतो. पिकाल्म त्यांपैकीच एक.

पण ते हाती लागलं कर्करोगवाल्यांच्या. स्वीडनमध्ये ३७ वर्षांच्या एका रुग्णाच्या छातीत साचलेल्या पाण्यातून १९७४ साली घेतलेल्या पेशी 'यू-९३७' नावाने प्रयोगशाळांत वाढत राहिल्या. त्यांत अकराव्या गुणसूत्रावरचं पिकाल्मचं जनुक दहाव्यावरच्या एएफ-१० या जनुकाला जोडलं गेलंय, हे १९९६ साली उलगडलं.

मग सरळ तर्क निघाला : पडद्यावरची वाहतूक बिघडली, वाढीचे संदेश घेणारे रिसेप्टर आत गेले नाहीत, पेशी वाढत सुटली. मला तो जरा जास्तच सोयीचा वाटतो. २००६ साली दिसलं, की एएफ-१० हे डॉट१एल या जनुकं चालू ठेवणाऱ्या एन्झाइमला ओढून आणतं आणि रक्तपेशी पक्व होताना बंद व्हायला हवीत ती होक्स-ए जनुकं चालूच राहतात. २०११ साली उंदरांत ल्युकेमिया घडवायला एएफ-१०च्या एका तुकड्याला जोडलेला पिकाल्मचा क्लॅथ्रिनला धरणारा तुकडा पुरला, तेव्हा वाहतुकीच्या तर्काला पुन्हा बळ आलं. ते २०१३पर्यंतच टिकलं. त्याच तुकड्यात प्रथिनाला केंद्रकाबाहेर नेणारी एक खूण निघाली. ती मोडली तर ल्युकेमिया होईना, आणि दुसऱ्याच प्रथिनाची तशी खूण एएफ-१०ला जोडली तरी प्रयोगशाळेत उंदरांच्या रक्ताच्या मूळपेशी न थांबता वाढत राहिल्या. म्हणजे काम क्लॅथ्रिनचं नव्हे, त्या खुणेचं.

त्यामुळे औषधांसाठी नजर गेली डॉट१एलकडे आणि ही खूण ओळखणाऱ्या सीआरएम१ या प्रथिनाकडे. सीआरएम१ रोखणारं सेलिनेक्सॉर अमेरिकेत २०१९ साली मंजूर झालं, पण ते मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या दुसऱ्या एका कर्करोगासाठी.