स्टिक ड्रिफ्ट : गेम कंट्रोलरची जॉयस्टिक बिघडणं, दुरुस्त करणं आणि बदलणं

अंगठा लावलेला नसताना पात्र आपोआप एका बाजूला चालायला लागतं, मेनूतला कर्सर खाली खाली घसरत राहतो, याला गेमर मंडळी ड्रिफ्ट म्हणतात. निन्टेंडो स्विच हे गेम मशीन ३ मार्च २०१७ ला आलं आणि त्याच्या सुट्या होणाऱ्या जॉय-कॉन या छोट्या कंट्रोलरमुळे हे नाव सगळीकडे झालं, पण दुखणं जुनं आहे आणि प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, स्टीम डेक यातलं कुणीच त्यातून सुटलेलं नाही. या नोंदीत मुख्यतः जॉय-कॉन धरलाय, कारण त्याच्यावर सगळ्यात जास्त तपासण्या आणि वाद झालेत.

अंगठ्याने फिरवायची ॲनालॉग स्टिक, म्हणजे नुसती दिशा नाही तर किती ढकललं तेही मोजणारी, पहिली कुणाची यावर एकमत नाही. १९८२ च्या व्हेक्ट्रेक्स या गेम मशीनच्या पॅनलवर सोडल्यावर मध्यावर परत येणारी छोटी स्टिक होती, आणि त्याच वर्षीच्या अटारी ५२०० ची स्टिकही ॲनालॉगच, फक्त ती आपणहून मध्यावर येत नसे. काहीजण हा मान जपानमध्ये साधारण १९८९ च्या सुमाराला शार्पच्या एक्स६८००० कॉम्प्युटरसाठी निघालेल्या एक्सई-१ एपी या कंट्रोलरला देतात, आणि दोन्ही हातात धरून अंगठ्याने चालवायचा कंट्रोलर अशी अट घातली तर हाच दावा जास्त पटतो. पुढे १९९६ ला निन्टेंडो ६४ आलं, त्याच्या स्टिकमध्ये हालचाल मोजायला प्रकाशावर चालणाऱ्या चकत्या होत्या, झिजायचं ते आतलं प्लास्टिक, त्याची पांढरी पूड साठायची आणि स्टिक ढिली पडायची, त्यामुळे त्याला आजच्या अर्थाने ड्रिफ्ट म्हणता येत नाही. त्याच वर्षी सेगाने सॅटर्नसाठी काढलेल्या थ्रीडी पॅडमध्ये चुंबक आणि त्याचं क्षेत्र न टेकता मोजणारे हॉल सेन्सर होते, नंतर ड्रीमकास्टमध्येही तेच वापरले. म्हणजे न घासणारी स्टिक तेव्हाच बाजारात होती, हे आवर्जून लक्षात ठेवायला हवं. पण १९९७ च्या प्लेस्टेशनच्या ड्युअलशॉक कंट्रोलरनंतर सगळा धंदा पोटेन्शिओमीटरवर स्थिरावला, स्वस्त आणि लहान म्हणून.

पोटेन्शिओमीटर म्हणजे कार्बनची एक पट्टी आणि तिच्यावर सरकणारा धातूचा बारीक ब्रश. ब्रश जिथे टेकलाय त्याप्रमाणे व्होल्टेज बदलतं आणि कंट्रोलर त्यावरून आकडा काढतो, जॉय-कॉनमध्ये हा आकडा १२ बिटचा, म्हणजे ० ते ४०९५ मधला, आणि स्टिक मोकळी असताना तो साधारण मधे असायला हवा. प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्सच्या स्टिकला बाजूने दोन हिरव्या-निळ्या डब्या दिसतात, त्या आडव्या आणि उभ्या दिशेच्या पोटेन्शिओमीटरच्या. जॉय-कॉनमध्ये तेवढी जागाच नाही, म्हणून कार्बनच्या पट्ट्या एका पातळ लवचिक फिल्मवर छापलेल्या असतात, त्यावर सरकते तुकडे आणि हे सगळं पत्र्याच्या छोट्या कवचात दाबून बसवलेलं. खराब स्टिक उघडून भिंगाखाली धरली की काळ्या पट्टीवर ब्रशच्या दातांनी ओढलेल्या राखाडी रेघा दिसतात आणि कडेला काळपट भुकटी. रेघा मध्यापाशी आणि तिथून वरच्या दिशेला जास्त असतात, कारण खेळताना आपण बहुतेक वेळ पुढेच पळत असतो, आणि डावी स्टिक आधी जाते तीही यामुळेच.

आता कारण नक्की काय, हा सगळ्यात मोठा वाद. एक मत सरळ झिजेचं : पट्टी घासली की तिथला रोध बदलतो, आकडा सरकतो किंवा थरथरतो. जुलै २०१९ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या कोर्टात दाखल झालेल्या सामूहिक दाव्यात हाच मुद्दा होता. दुसरं मत धुळीचं, म्हणजे स्टिकभोवतीचं रबरी झाकण नीट बंद करत नाही आणि बाहेरचा कचरा आत जातो. फ्रान्सच्या ग्राहक संघटनेने, यूएफसी-क श्वाझीरने, २०२० च्या आसपास झीज आणि धूळ दोन्ही दोषी धरले, आणि ब्रिटनच्या ‘विच?’ या ग्राहक संस्थेने डिसेंबर २०२२ मध्ये प्रयोगशाळेच्या तपासणीवरून जवळपास तेच सांगितलं, सरकत्या तुकड्यांच्या संपर्काच्या जागी झीज आणि झाकण असूनही आत कचरा. तिसरं मत २०२१ च्या उन्हाळ्यात यूट्यूबवरून पसरलं : पत्र्याचं कवच हळूहळू सैल होतं आणि ब्रश पट्टीला नीट टेकत नाही, म्हणून साधारण १ मिलिमीटर जाडीचा पुठ्ठ्याचा तुकडा स्टिकच्या पाठीमागे ठेवून दाब वाढवायचा. पुष्कळ लोकांना याने खरंच फरक पडला त्यामुळे हे मत उडवून लावता येत नाही, पण दाब वाढवला की घासणंही वाढणारच. तिन्ही मतं मांडली तर झीज हे मूळ धरणं जास्त सयुक्तिक वाटतं, कारण आतली बरीचशी भुकटी त्या पट्टीचीच असावी आणि कवचाचा सैलपणा झिजलेल्या जागी जास्त बोचतो. निन्टेंडोचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी जून २०२० मध्ये भागधारकांसमोर ग्राहकांना झालेल्या त्रासाबद्दल माफी मागितली, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये कंपनीच्याच इंजिनिअरांनी गाडीच्या टायरचं उदाहरण देऊन सांगितलं की भाग एकमेकांना घासतायत तोवर झीज टळणार नाही. हे उत्तर प्रामाणिक होतं, पण टायर बदलून मिळतो आणि जॉय-कॉनची स्टिक ग्राहकाने बदलावी अशी सोयच कंपनीने ठेवली नव्हती, ही खरी तक्रार.

स्टिकच्या आयुष्याचा अंदाज दुरुस्तीची माहिती देणाऱ्या आयफिक्सइटने २०२१ मध्ये मांडला होता. प्लेस्टेशन ५ च्या ड्युअलसेन्स कंट्रोलरमध्ये अल्प्स कंपनीची स्टिक असते, तिला कंपनी २० लाख वेळा फिरण्याची मर्यादा सांगते, त्यावरून एका धावपळीच्या शूटिंग गेमचा हिशोब लावला तर सुमारे ४१७ तास. खेळ आणि हात बदलला की आकडा बदलेल, पण काही महिन्यात स्टिक जाते ही तक्रार अतिशयोक्ती नाही एवढं यातून कळतं.

दुरुस्तीत आधी सेटिंगमधून कॅलिब्रेशन, म्हणजे स्टिकचा मध्य नव्याने ठरवणं, करून बघायचं, मग झाकणाची कड उचलून ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा कॉन्टॅक्ट क्लीनरचा थेंब सोडून स्टिक गोल गोल फिरवायची. भुकटीचं दुखणं असेल तर काही दिवस ते काही महिने बरं जातं, पट्टीच घासली असेल तर परत येतं. मग बदलणं आलंच. जॉय-कॉनच्या पाठीवर तीन पाकळ्यांचे ४ स्क्रू असतात, त्यांना वाय००चाच स्क्रूड्रायव्हर लागतो, साध्या फुलीच्या टोकाने जोर लावला की डोकं गुळगुळीत होतं आणि मग ते काढणं महाकठीण. दोन्ही अर्धे झटक्यात वेगळे करायचे नाहीत, मशीनला अडकणाऱ्या रेलच्या बाजूला रिबन, म्हणजे पातळ पट्टीसारखी वायर, असते. आधी ५२५ एमएएचची बॅटरी, तिला डिंक असतो म्हणून प्लास्टिकच्या पट्टीने हळूहळू उचकटायची, धातूचं टोक खुपसायचं नाही. मग तिच्याखालची चौकट, मग वाटेतल्या रिबन, आणि शेवटी स्टिकचे २ स्क्रू. खरी मेख रिबनच्या सॉकेटवरच्या नखाएवढ्याही नसलेल्या खिटीत आहे : ती मागून वर उचलायची, रिबन चिमट्याने सरळ ओढायची, नवी बसवताना ती पूर्ण आत आणि सरळ गेली हे बघूनच खिटी पाडायची. खिटी तुटली तर स्वस्तातली स्टिक बाजूला राहते आणि बोर्डाचं काम निघतं. सोल्डरिंग मात्र कुठेच लागत नाही. स्विच लाइट या स्विचच्या छोट्या मॉडेलमध्ये स्टिक मशीनमध्येच असते, त्यामुळे तिथे अख्खं मशीन उघडावं लागतं.

प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सच्या नेहमीच्या कंट्रोलरमध्ये स्टिक बोर्डाला १४ पायांनी सोल्डर केलेली असते, सगळे पाय एकदम वितळल्याशिवाय ती निघत नाही, आणि जोर केला की भोकातला तांब्याचा मुलामा उखडतो. फ्लक्स, कमी तापमानाला वितळणारं सोल्डर आणि पंप लागतो, नवशिक्याने हे आधी रद्दी बोर्डावर करावं. ड्युअलसेन्समध्ये नवी स्टिक टाकल्यावर मध्यबिंदूही नव्याने नोंदवावा लागतो, त्यासाठी ब्राउझरमध्ये चालणारी मोफत टूल्स आहेत. जानेवारी २०२३ च्या ड्युअलसेन्स एजमध्ये स्टिकचा अख्खा ठोकळा बाहेरून बदलता येतो, हे पाऊल उशिरा का होईना पण योग्य पडलं.

कायमचा उपाय म्हणून साधारण २०२२-२३ पासून गुलिकिटसारख्या कंपन्यांच्या हॉल इफेक्ट स्टिक जॉय-कॉन आणि स्टीम डेकसाठी मिळायला लागल्या. चुंबक हलतो, सेन्सर लांबूनच मोजतो, घासायला पट्टीच नाही. अलीकडच्या टीएमआर स्टिक त्याच तत्त्वाच्या पण कमी वीज खाणाऱ्या. स्प्रिंग आणि प्लास्टिक मात्र यातही थकतं. जून २०२५ च्या स्विच २ मध्ये निन्टेंडोने पुन्हा पोटेन्शिओमीटरच ठेवला, त्याचे जॉय-कॉन मशीनला चुंबकाने चिकटतात म्हणून हॉल सेन्सर टाळले असावेत असा एक तर्क आहे.

मार्च २०२३ पासून युरोपातल्या ग्राहकांना ड्रिफ्टची दुरुस्ती वॉरंटी संपल्यावरही मोफत मिळते, त्यामागे २०२१ च्या सुरुवातीला ग्राहक संघटनांनी युरोपीय आयोगाकडे सुमारे २५ हजार तक्रारींसह केलेली मागणी होती. भारतात निन्टेंडोची अधिकृत विक्री नाही, मशीन बाहेरून आलेलं किंवा ग्रे मार्केटचं, त्यामुळे हा फायदा इथे लागू नाही, आणि डिसेंबर २०२२ च्या केंद्राच्या राईट टू रिपेअर पोर्टलमध्ये मोबाइल, गाड्या, शेती अवजारं, घरगुती उपकरणं असे गट घेतले, गेम कंट्रोलरचा वेगळा गट नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली किंवा ऑनलाइन मागवलेला पार्ट, हेच मार्ग. दुकानात देताना स्टिक साधी टाकणार की हॉलची हे आधी विचारून घ्यावं आणि काढलेली जुनी स्टिक परत मागावी.