संवेग आणि गतिज ऊर्जा: गल्लत नेमकी कुठे होते?

दोन्हींत तेच वस्तुमान, तोच वेग. म्हणून घाईत एकाच्या जागी दुसरं सूत्र हमखास लिहिलं जातं. संवेग म्हणजे वस्तुमान × वेग; गतिज ऊर्जा म्हणजे ½ × वस्तुमान × वेगाचा वर्ग. हे पाठ असूनही फरक डोक्यात शिरत नाही. आकडे घातले की शिरतो.

१० ग्रॅमची गोळी ४०० मी/से वेगाने सुटली. वस्तुमान ०.०१ किलो, म्हणून संवेग ४ किग्रॅ·मी/से. आता २ किलोचा चेंडू २ मी/से वेगाने घरंगळतोय; त्याचाही संवेग ४. ऊर्जा मात्र गोळीची ८०० ज्यूल आणि चेंडूची फक्त ४ ज्यूल!

मग दोघांना थांबवणं सारखंच अवघड का? प्रश्न अर्धवट आहे. दोघांवरही उलट दिशेने ८ न्यूटन बल लावा. दोघेही बरोबर अर्ध्या सेकंदात थांबतील, कारण लागणारा वेळ संवेगावर ठरतो. पण तेवढ्यात चेंडू अर्धा मीटर जाईल आणि गोळी १०० मीटर, कारण अंतर ऊर्जेवर ठरतं. माझं मत विचाराल तर सूत्रांच्याही आधी हेच शिकवायला हवं.

‘गतीचं खरं माप कोणतं’ यावर मोठमोठे लोकही भांडले आहेत. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने वस्तुमान आणि वेगाचा गुणाकार धरला होता. १६८६ मध्ये जर्मन गणितज्ञ लायबनित्सने त्याला आव्हान देऊन वेगाच्या वर्गाची बाजू घेतली. पुढे डच शास्त्रज्ञ ग्राव्हेसांडे याने पितळी गोळे मऊ मातीत टाकून पाहिले. वेग दुप्पट केला की खड्डा चौपट खोल! तरी देकार्तचा गुणाकार काही वाया गेला नाही. त्याला फक्त दिशा जोडायची राहिली होती.

संवेगाला दिशा असते, ऊर्जेला नसते. एकेक किलोच्या दोन गाड्या ३ मी/से वेगाने समोरासमोर येऊन चिकटल्या, तर एकूण संवेग आधीही शून्य, नंतरही शून्य. ऊर्जा आधी ९ ज्यूल होती. ती उष्णता, आवाज आणि पत्रा चेपण्यात गेली.

आणि हो, वेग किमी/तास मध्ये दिला असेल तर आधी ५/१८ ने गुणा. विसरलात तर संवेग ३.६ पट चुकेल, ऊर्जा जवळजवळ १३ पट.