स्विचिंग अ‍ॅम्प्लिफायर: डिजिटल फीडबॅक इतक्या उशिरा का आला?

हॅरॉल्ड ब्लॅक यांना ऋण फीडबॅकची कल्पना १९२७ मध्ये बेल लॅब्जमध्ये असताना सुचली: आउटपुटचा अंश इनपुटमधून वजा करायचा, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर स्वतःची चूक स्वतःच सुधारतो. अट एकच, चुकीची बातमी वेळेत परत यायला हवी. डिजिटल फीडबॅकची सगळी अडचण या एका अटीत आहे.

स्विचिंग, म्हणजेच क्लास-डी (ट्रान्झिस्टर फक्त पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद करून पल्सच्या रुंदीतून सिग्नल घडवणारा) अ‍ॅम्प्लिफायर बाजारात येऊनही बराच काळ लोटला आहे. क्लाइव्ह सिंक्लेअर यांचे एक्स-१० किट इंग्लंडमध्ये १९६४ साली आले, पण तेव्हाचे ट्रान्झिस्टर या कामासाठी फारच मंद होते. सोनीच्या टीए-एन८८ ने १९७८ मध्ये व्ही-फेट हे वेगवान ट्रान्झिस्टर वापरून ५०० किलोहर्ट्झवर स्विचिंग केले. या काळातला फीडबॅक अ‍ॅनालॉगच होता.

सीडी आल्यावर प्रश्न बदलला. सिग्नल मुळात आकड्यांत आहे, तर त्यातून थेट पल्स का काढू नयेत? हिशेब आडवा येत होता. १६ बिट म्हणजे पल्सच्या ६५,५३६ वेगवेगळ्या रुंदी, ४४.१ किलोहर्ट्झला गुणले की काउंटरचे घड्याळ सुमारे २.९ गिगाहर्ट्झवर जाते. तोडगा असा निघाला: आधी ८ पट ओव्हरसॅम्पलिंग (सॅम्पलची संख्या वाढवणे), मग नॉइज शेपिंग (बिट कमी केल्याने येणारा नॉइज ऐकू न येणाऱ्या वारंवारतांकडे ढकलणे) करून ८ बिट. आता २५६ × ३५२.८ किलोहर्ट्झ, म्हणजे सुमारे ९० मेगाहर्ट्झ पुरतात. १९९० च्या दशकाच्या अखेरीस डेन्मार्कमधल्या टोकाटा कंपनीच्या तंत्रावर टॅक्ट मिलेनियम अ‍ॅम्प्लिफायर आला. त्याचा आवाज सप्लायचे व्होल्टेज बदलून कमीजास्त होई. २००० मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने टोकाटा विकत घेतली.

पण ही रचना ओपन लूप, म्हणजे फीडबॅकविना, होती, आणि 'पूर्ण डिजिटल' हे नाव तिथेच फसवे ठरते. मॉस्फेट (स्विच करणारे ट्रान्झिस्टर), कॉइल आणि सप्लाय अ‍ॅनालॉगच राहतात. सप्लाय ५ टक्क्यांनी हलला की आउटपुटही ५ टक्क्यांनी हलते. सप्लायवर १०० हर्ट्झची तेवढी लहर असेल, तर १ किलोहर्ट्झच्या सुराशेजारी ९०० आणि ११०० हर्ट्झवर मूळ सुराच्या ३२ डेसिबल खाली दोन भुते, म्हणजे नको असलेले सूर, उभी राहतात. डेड टाइमचा, म्हणजे दोन्ही ट्रान्झिस्टर क्षणभर बंद ठेवण्याच्या वेळेचा, त्रास वेगळा. ३८४ किलोहर्ट्झवर एक आवर्तन २.६ मायक्रोसेकंदांचे, त्यात २० नॅनोसेकंद म्हणजे पाऊण टक्का. कॉइलमधल्या प्रवाहाची दिशा उलटली की या चुकीचे चिन्हही उलटते, म्हणून ती निव्वळ ऑफसेट न राहता विकृती होते.

मग आउटपुटवर एडीसी (व्होल्टेजचे आकडे करणारा कन्व्हर्टर) लावून लूप बंद करावा, हे सरळ वाटते. पण नेहमीच्या ऑडिओ एडीसीमधले डेसिमेशन फिल्टर (सॅम्पलची संख्या घटवणारे) १२ सॅम्पलचा विलंब सहज घेते. ४८ किलोहर्ट्झवर तो २५० मायक्रोसेकंद झाला. २० किलोहर्ट्झच्या सुरासाठी पुरी पाच आवर्तने. असा लूप दुरुस्ती न करता ऑसिलेट होतो. लूपचा क्रॉसओव्हर (जिथे लूपचा गेन १ वर येतो ती वारंवारता) ५० किलोहर्ट्झवर ठेवायचा, तर २ मायक्रोसेकंदही स्थिरतेसाठी राखलेल्या फेजमधले ३६ अंश खातात.

म्हणून खरी प्रगती विलंब कापण्यातून आणि फक्त चूक मोजण्यातून झाली. झेटेक्स या ब्रिटिश चिप कंपनीच्या डीडीएफए (डायरेक्ट डिजिटल फीडबॅक) तंत्रात आउटपुटची पल्स संदर्भ-पल्सशी ताडून फक्त उरलेला फरक एडीसीला दिला जातो. फरक लहान असल्याने एडीसीची मोठी रेंज लागत नाही. हे तंत्र २००९ मध्ये एनएडी एम२ मध्ये १०८ मेगाहर्ट्झच्या घड्याळावर, ८४४ किलोहर्ट्झ स्विचिंगसह आले. नेदरलँड्समधल्या अ‍ॅक्साइनने पुढे कमी विलंबाचे एडीसी वापरून फीडबॅक थेट एलसी (कॉइल आणि कपॅसिटरच्या) फिल्टरनंतर घेतला, त्यामुळे कॉइलची विकृतीही लूपमध्ये आली.

यातही एक मर्यादा सुटत नाही: मोजणाऱ्याची चूक लूप सुधारू शकत नाही. ५० व्होल्ट २ व्होल्टवर आणणाऱ्या विभाजकात एडीसीचा ५ मायक्रोव्होल्ट नॉइज आउटपुटवर १२५ मायक्रोव्होल्ट होऊन दिसतो. तिथे थिन फिल्म रेझिस्टरच लावावेत. व्होल्टेजनुसार किंमत बदलणारा रेझिस्टर स्वतःच विकृती घालतो. पल्सच्या रुंदीची पायरी एडीसीच्या पायरीपेक्षा मोठी असेल, तर लूप दोन पायऱ्यांमध्ये हेलकावत राहतो.

फिल्टरनंतर फीडबॅक घेताना पहिली चाचणी स्पीकर न जोडता करावी. १० मायक्रोहेन्री आणि ०.६८ मायक्रोफॅरड ६१ किलोहर्ट्झच्या आसपास रेझोनेट होतात. ४ ओहमच्या लोडवर क्यू (रेझोनन्सची तीव्रता) जेमतेम १ असतो. लोड काढला की तो शिखरासारखा वर चढतो आणि एरवी स्थिर वाटणारा लूप शिट्टी घालू लागतो.