संसारात तिसरी व्यक्ती आली तर भरपाई मागता येते का? : आमच्या पक्षकारांसाठी माहिती

बरेच पक्षकार खुर्चीत बसता बसताच विचारतात, "वकीलसाहेब, त्या बाईला आत टाकता येईल का?" नाही येत. 27 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्यभिचाराला गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेचे कलम 497 रद्द केले. तसेही त्या कलमाखाली बाईला शिक्षा नव्हतीच. नवरा दुसऱ्या पुरुषावर फिर्याद करू शके, बायको मात्र कोणावरच नाही. असे कलम गेले हे बरेच झाले, असे आमचे मत आहे.

पण गुन्हा राहिला नाही म्हणजे झालेला अन्याय पुसला गेला, असे नव्हे. हिंदू विवाह कायद्यात व्यभिचार हे घटस्फोटाचे कारण आजही आहे, आणि 1976 च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी एकदा ठेवलेला संबंधही पुरतो.

आता भरपाई. पत्नीला सर्वात जवळचा रस्ता 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचा. संबंधांपायी घरात अपमान, टोमणे, छळ सोसावा लागला असेल, तर कलम 22 खाली मानसिक त्रासाची भरपाई नवऱ्याकडून मागता येते. पतीला मात्र या कायद्याखाली भरपाई मागता येत नाही.

तिसऱ्या व्यक्तीविरुद्धचा दावा अवघड आहे, हे आम्ही आधीच सांगतो. ख्रिस्ती पतीला 1869 च्या घटस्फोट कायद्यात अशी भरपाई मागायची सोय होती, ती 2001 मध्ये काढली. आज यासाठी वेगळा कायदा नाही. सप्टेंबर 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका पत्नीचा दुसऱ्या स्त्रीविरुद्धचा दिवाणी दावा दाखल होऊ शकतो, असे म्हटले. लक्षात घ्या, दावा चालेल एवढेच ठरले. पैसे द्या, असे नाही. त्या व्यक्तीने जाणूनबुजून संसार मोडायचा प्रयत्न केला, त्यामुळेच जोडीदार दुरावला आणि नुकसान झाले, हे तिन्ही सिद्ध करावे लागते. जोडीदार आपल्या मर्जीने गेला असेल, तर दावा तिथेच कोसळतो. आणि बहुतेक घरांत, वाईट वाटते सांगायला, तो मर्जीनेच गेलेला असतो. शिवाय दिल्लीचा निर्णय महाराष्ट्रातल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही. दाखला म्हणून दाखवता येतो.

पुराव्याबद्दल कळकळीने सांगतो. एक ताई व्हॉट्सअॅपच्या संभाषणाचे प्रिंट प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी करून घेऊन आल्या. मधल्या काळात मोबाइल मात्र एक्स्चेंजमध्ये देऊन टाकला होता. नुसत्या प्रिंटवर भागत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या, म्हणजे पुराव्याच्या कायद्याच्या, कलम 63 प्रमाणे ही प्रिंट कोणत्या फोनमधून कशी काढली हे सांगणारे प्रमाणपत्र जोडावे लागते आणि मूळ फोन हाताशी असेल तर बाजू भक्कम होते. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पती-पत्नीमधले गुपचूप रेकॉर्ड केलेले फोनही घटस्फोटाच्या दाव्यात ग्राह्य धरले. म्हणून दुसऱ्याच्या फोनमध्ये शिरायला, पाळत ठेवायला मुभा मिळाली, असे समजू नका. सोसायटीच्या किंवा नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो टाकू नका, त्या व्यक्तीच्या ऑफिसात जाऊन तमाशा करू नका. बदनामीचा खटला उलट तुमच्यावरच येतो, आणि मुलांच्या कानावर सगळे जाते ते वेगळेच.

पहिल्या भेटीला लग्नाचे प्रमाणपत्र किंवा पत्रिका, डॉक्टरांची किंवा समुपदेशकाची कागदपत्रे असतील तर ती, आणि मूळ फोन घेऊन या. तारखा आठवतील तशा एका कागदावर लिहून आणा. त्या अपुऱ्या असल्या तरी चालेल.