मंत्रचळ आणि आघातोत्तर ताण : एकत्रित उपचार (ग्रामीण विदर्भ)

मंत्रचळ (ओसीडी) आणि आघातोत्तर ताण विकार (पीटीएसडी) हे दोन्ही एकाच रुग्णात असताना करायचे उपचार. मंत्रचळात नको असलेला विचार पुन्हापुन्हा डोके वर काढतो आणि तो शमवण्यासाठी माणूस धुणे, कडी तपासणे, मोजणे, ठरावीक वेळा देवाचे नाव घेणे यांत अडकतो. आघातोत्तर ताणात घडून गेलेला प्रसंग स्वप्नात आणि जागेपणीही परत घडतो. माणूस दचकतो, ती जागा, तो वास टाळतो. २०१३ मध्ये डीएसएम-५ हे मानसिक विकारांचे अमेरिकी वर्गीकरण येईपर्यंत दोन्ही विकार चिंताविकारांत मोडत. त्यात त्यांना स्वतंत्र प्रकरणे मिळाली.

खेड्यात ही नावे कुणी घेत नाही. ‘तिनं धसका घेतला’ असे एक शेजारीण सांगते, ‘तिले धुयाचं येड लागलं’ असे दुसरी. बाई एकच असते आणि दोघींचेही खरे असते. दवाखान्याआधी भगत, मेळघाटात भूमका (तिथला भगत) गाठला जातो. सततचे धुणे बराच काळ सोवळ्यात खपून जाते. खाऱ्या पाण्याच्या खारपाणपट्ट्यात उन्हाळ्यात टँकरचे पाणी पुरेनासे झाले, की मग घरचे तिला डॉक्टरकडे आणतात. तक्रार पाण्याची असते. त्यामागचा प्रसंग विचारल्याशिवाय कळत नाही, आणि सासू शेजारी बसलेली असताना विचारून उपयोग नाही.

दोन्ही विकार एकमेकांना धरून असतात. घरधन्याने कीटकनाशक पिऊन जीव दिला, तो वास नाकातून जात नाही. हात धुतले की आठवण घटकाभर मागे सरते. इथे धुणे हाच त्या बाईचा आडोसा झालेला असतो. तो नुसता काढून घेतला तर आठवणी उसळतात. मानसशास्त्रज्ञ बेथ गेर्शुनी व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मांडलेल्या मोजक्या रुग्णांच्या नोंदींत हेच दिसले : मंत्रचळ उतरला तसा आघाताचा त्रास वाढला, आणि उलटही घडले. म्हणून कोणती कृती कोणत्या आठवणीला थोपवते, हे आधी रुग्णासोबत बसून उलगडावे लागते. आत्महत्येचे विचार आणि दारू यांची चौकशी त्याहूनही आधी. घरात कीटकनाशकाचा डबा असेल तर तो त्याच दिवशी बाहेर जायला हवा.

मंत्रचळावरची मुख्य पद्धत म्हणजे भीतीला सामोरे जायचे आणि ठरलेली कृती करायची नाही. तिची सुरुवात मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांच्या १९६६ च्या कामापासून धरतात. आघातासाठी मानसशास्त्रज्ञ एडना फोआ यांनी विकसित केलेल्या पद्धतीत रुग्ण तो प्रसंग पुन्हापुन्हा तोंडाने सांगतो आणि टाळलेल्या जागी हळूहळू जातो. मूळ सूत्र एकच असले तरी एक फरक आहे : मंत्रचळातली भीती बहुधा न घडलेल्या गोष्टीची असते, आघातातली घडून गेलेली असते.

विदर्भात हा फरक आणखी अवघड होतो, कारण धोका अजून दाराशीच असतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. अशा ठिकाणी ‘फवारणीच्या औषधाला हात लावून बघा’ असा गृहपाठ देणे हा मूर्खपणा ठरेल. फवारणीनंतर साबणाने एकदा स्वच्छ धुणे हा शहाणपणा. आजार त्यानंतरच्या धुण्यांत आहे. गृहपाठ द्यायचा तो कीटकनाशके विकणाऱ्या कृषी केंद्रासमोरून चालत जाण्याचा, डबा सापडला त्या कोपऱ्यात उभे राहण्याचा. ताडोबाच्या आसपास, वाघाने माणूस नेलेल्या घरात, रात्री कडी एकदा बघणे आणि पहाटे मोहफुले वेचायला एकटे न जाणे यावर उपचार नकोत. रात्रीतून पंधरा वेळा उठण्यावर हवेत. मोजमाप गावाचेच घ्यावे. ‘तुमी कितीदा पायता?’ हे आशाताईंना विचारले की रेषा कुठे आखायची ते कळते.

औषधांत सर्ट्रालीन, फ्लुओक्झेटीन यांसारखी औषधे दोन्ही विकारांना चालतात. मंत्रचळाला मात्रा जास्त लागते आणि गुण यायला आठ ते बारा आठवडे जातात. हे आधी न सांगितल्यास पंधरा दिवसांत गोळ्या बंद होतात. झोपेसाठी दिली जाणारी अल्प्राझोलमसारखी औषधे आघाताच्या मुळाला हात घालत नाहीत आणि सवय लावतात.

खरी अडचण अंतराची. नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय (स्थापना १८६४), सेवाग्राम, सावंगीची वैद्यकीय महाविद्यालये ही ठिकाणे सिरोंचा-धारणीहून दूर. दर आठवड्याला मजुरी बुडवून कोण येणार? राज्य शासनाच्या २०१५ पासूनच्या ‘प्रेरणा’ प्रकल्पाचा रोख शेतकरी आत्महत्येवर आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर (१४४१६) मराठीत बोलता येते, पण कडीपाशी उभे राहून करायचा सराव फोनवरून निम्माच होतो. तिथे घरचा माणूस लागतो, आणि बहुतेकदा तोच प्रेमापोटी ‘हो, कडी लावली’ असे दहादा सांगून आजार पोसत असतो.

त्रास उलटतो तो बहुधा वर्षश्राद्धाला किंवा फवारणीचा वास शिवारात पसरतो तेव्हा. उजळणीची बैठक पोळ्याच्या आधीच ठेवलेली बरी.